धाकटीची भट्टी

फार मागे, देहगावात कातडीच्या आळीत दोन पेशी शेजारी राहत. नात्याने जावा. रक्ताच्या ओढ्यातून साखर यायची. प्रत्येकीने आपल्यापुरती उचलायची आणि चुलीत हवा खेळती ठेवून पार राख होईपर्यंत जाळायची, अशी गावाची रीत.

एकदा आळीत जखम झाली. ती बुजवायला थोरलीला भराभर वाढायचं होतं, म्हणून तिला साखर जास्त मिळाली. ती अर्धवट जाळून उरलेल्या कोळशाने थोरलीने भिंती वाढवल्या. आळीने तिला डोक्यावर घेतलं. धाकटीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही आणि तिचा नुसता जळफळाट झाला. जखम भरली, थोरली पुन्हा मूठभर साखरेवर आली. धाकटीने मात्र तेव्हाच भट्टी पेटवली.

"हवा आहे की गं भरपूर, मग अर्धवट का जाळतेस?" थोरली खोकत म्हणाली. "तो आंबट धूर आमच्या घरात येतो."

"तुम्ही केलंत तेव्हा कौतुक, जाऊबाई. मी केलं की धूर?"

"मी जखमेपुरतं केलं."

धाकटीने ऐकलं नाही. तिचं घर थोरलीच्या दुप्पट झालं, मग दहापट. ओढाही तिने आपल्या दाराशी वळवून घेतला. शेजारच्या चुली एकेक करून विझल्या.

घर गावभर झालं, तेव्हा धाकटीने ऐटीत हाक मारली, "आता तरी बघा, जाऊबाई!"

कुणीच ओ दिली नाही. तिने साखरेसाठी ओढ्यात हात घातला. ओढा थांबला होता.