प्रत्येक गावाची सकाळ

एकदा एका तरुणाने तांब्याच्या हंड्यावर पडणारी तांबटाची हातोडी ऐकली, आणि तो ठोका त्याच्या कानातून पुढे कधी गेलाच नाही. त्या एका आवाजापायी तो गावोगाव हिंडला, कारागिरांच्या कामाचे आवाज मुद्रित करीत राहिला. म्हातारपणी ते सारे संगणकात आले. प्रत्येक गावाचा एक फोल्डर, आणि आतल्या फायलींना वेळेची नावे: 'सकाळ', 'दुपार', 'सांज'.

त्याच्याकडे शिकणारी मुलगी मोठी जिद्दीची होती. दुसऱ्या दिवशी त्याच तांबटाची लेक वडिलांचा आवाज ऐकायला येणार होती. तांबट आता हयात नव्हता. त्याचा म्हणून तेवढाच आवाज उरला होता.

"उद्या शोधाशोध नको, अण्णा," मुलगी म्हणाली. "मी स्क्रिप्ट लिहिलीय. ती आपोआप सगळ्या फायली उचलून एकाच फोल्डरमध्ये आणते. चालवू?"

वृद्धाने स्क्रिप्ट सावकाश वाचली. मग तो उठून ओट्यावर गेला आणि गल्लीत हाक मारली, "सोन्या, जेवायला ये रे."

समोरच्या दारातून एक पोर डोकावले. कोपऱ्यावरून दुसरे धावत आले. शेजारचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थही बाहेर आले. "मलाही घरात सोन्याच म्हणतात, अण्णा. थांबा, बायकोला सांगून येतो, भात लावू नको म्हणून."

मुलगी गोंधळली. "हे काय आता?"

"प्रत्येक घरात सोन्या एकच, म्हणून घरात ते नाव पुरतं," वृद्ध म्हणाला. "गल्लीत पुरत नाही. तुझ्या त्या एका फोल्डरमध्ये प्रत्येक गावाची 'सकाळ' येणार. माणसं निदान दारात उभी राहून विचारतात, कोणाला बोलावलंत. तुझी स्क्रिप्ट विचारणार नाही. मागून आलेली सकाळ आधीची पुसून तिच्या जागी बसेल. शेवटी एकच उरेल, बाळ, आणि ती तांबटाचीच असेल असं नाही."

मुलीचा चेहरा उतरला. वृद्धाने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

ती पुन्हा बसली. आधी सगळ्याची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. प्रत्येक फायलीच्या नावापुढे गावाचे नाव जोडले. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर स्क्रिप्टने थांबावे, असे लिहिले. मग काहीही न हलवता, काय कुठून कुठे जाईल तेवढे पडद्यावर छापून घेतले. वृद्धाने ओळीओळीवर बोट फिरवले आणि मान हलवली. तेव्हाच तिने ती चालवली.

दुसऱ्या दिवशी तांबटाची लेक आली. ठोका सुरू झाला. मध्येच थांबला, कोणीतरी खोकले, पुन्हा सुरू झाला. लेकीने बोट वर केले. मुलीने तो खोकला पुन्हा ऐकवला.

मग लेक उठली, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेली. पिशवीच्या बंदावर तिची बोटे त्याच ठेक्यात पडत होती.