कुमुदचा वास

"फोन आला तेव्हा काय करत होतास?" उस्तादांनी विचारलं.

"साबण कापत होतो. मंगळवार होता. मेहुण्याचा फोन आला, दवाखान्यातून. म्हणाला, कुमुदताई गेली..."

"आणि साबण?"

"कापून संपवला, उस्ताद. वाळला की कापायची तार चालत नाही."



मिरजेतल्या उस्तादांच्या याच अत्तराच्या दुकानात दिगंबर सहा वर्षं शिकला होता. मग त्यांना न विचारता त्याने साबणाचा कारखाना काढला. आज आठ वर्षांनी तो ही पायरी चढला होता.

"बायकोच्या नावाने नवा माल काढतोय," तो म्हणाला. "'कुमुद'. अंगाचा साबण, अत्तर, फरशी पुसायचं पाणी. सगळ्याला एकच वास. तिचा."

"जन्मभर तिने फरशी पुसली. आता गेल्यावरही तिलाच पुसायला लावतोस?"

दिगंबर ओशाळला.

"वास माझ्या नाकात आहे, पण जुळत नाही. बावीसदा करून पाहिला. तुम्ही एकदा घ्या, तुम्हाला कळेल."

त्याने पिशवीतून एक साडी काढली. निळी, सुती, इस्त्रीची घडी.

उस्तादांनी आधी स्वतःची बाही हुंगली. नवा वास घेण्याआधी नाक कोरं करायची त्यांची रीत होती. मग साडी नाकाशी धरली आणि डोळे मिटले.



"खोबरेल आहे. वाळा आहे. किंचित कापूर."

दिगंबर पुढे सरकला. "तोच का, उस्ताद?"

"तुझा साबण आहे. चांगला जमलाय."

दिगंबर साडीकडे पाहत राहिला.

"तुमच्यापुढे मळकी कशी आणायची... म्हणून काल धुतली."

"बाकीच्या?"

"त्या तेराव्याच्या आधीच धुतल्या. सगळं कपाट."

रस्त्यावरून एक टांगा गेला. उस्तादांनी साडीची घडी नीट केली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"उशीचा एक अभ्रा आहे," दिगंबर हळूच म्हणाला. "तिच्या बाजूचा. तो तसाच आहे. संध्याकाळपर्यंत घेऊन येतो."

उस्तादांनी समोरच्या कुप्यांची बुचं एकेक करून घट्ट बसवली.

"नको."

"मग मालाला वास कसला घालू?"

"वाळ्याचा घाल. लोकांना अंगच धुवायचंय."

"आणि अभ्रा?"

"तो धुवायचा राहिलाय. राहू दे."