कोंबड्यांनी खाल्लेलं गाव

"बाबा, शेवटी कुणाचा नकाशा घेणार? माझा का तिचा?"

हैदरशा फकीर हातपाय धुवत राहिला.

विचारणारा भगीरथ. बाबाचा सगळ्यात जुना चेला. इतका जुना, की बाबाच्या कोंबड्यापण त्याला घाबरायच्या. शेवंता कालपरवा आलेली, कुंभाराची पोरगी. अन् तिला बाबा दोनदा शाब्बास म्हणाला. भगीरथला आजवर एकदाच, ते पण चहा बरा झाला म्हणून.

गावात हगवण-उलटीची साथ होती. पाण्याच्या टाक्या दोन, एक कुंभारवाड्यात, एक माळीगल्लीत. बिघडलेली कुठली, कुणाला कळंना.

बाबा म्हणाला होता, "आजारी माणसं नकाशावर मांडा. जिथं दाटी दिसंल, तिथली टाकी बंद करायला सरपंचाला सांगू."

भगीरथनं चार्टपेपर आणला. लाल स्केचपेननं ठिपके टोचले. सगळी दाटी कुंभारवाड्यात, शेवंताच्या दारात. स्वतःच्या माळीगल्लीत एक ठिपका नाही. तिकडं तो फिरकलाच नव्हता. आपल्याच गल्लीत काय विचारायचं? आठवडाभर तो घरीपण गेला नव्हता; मुक्काम बाबाच्या झोपडीतच, पोरगी काय करते बघत.

पोरगीनं अंगणात राखेच्या रेघा ओढून गाव काढलं. एक आजारी माणूस, एक ज्वारीचा दाणा.

बाबा नमाजाला आत गेला. शेवंता औषध वाटायला बाहेर.

भगीरथनं खुराड्याची कडी काढली.

शेवंता परत आली तर राखेच्या गावात कोंबड्याच कोंबड्या.

"कुणी सोडल्या ह्या?"

"मला काय म्हाईत. भूक लागली असंल बिचाऱ्यांना."

"भगीरथदादा, हसताय कशाला?"

"तुझा नकाशा लई चवदार निघाला गं."

बाबा बाहेर आला. चिडला नाही. नुसता कोंबड्यांकडं बघत राहिला...

"भगीरथ, सगळं अंगण मोकळंय. ह्या एकाच कोपऱ्यात का भांडतायत?"

"तिथं दाणे जास्त असतील, बाबा."

"कुठला कोपरा तो?"

राखेच्या रेघा अजून होत्या. भगीरथ वाकला. बघितलं. परत बघितलं.

"बोल की."

"माळीगल्ली..."

बाबानं भगीरथच्या हातातला चार्टपेपर घेतला. गुंडाळी केली. अन् त्या गुंडाळीनंच कोंबड्या हाकलल्या.

"शेवंता, सरपंचाकडं जा बेटा. माळीगल्लीची टाकी आत्ताच्या आत्ता बंद कर म्हणावं."

शेवंतानं चपला घातल्या. भगीरथकडं बघितलं. दोन पावलं टाकून थांबली.

"तिलाच का पाठवताय?" भगीरथचा आवाज फाटला. "तिचा नकाशा राहिलाय कुठं? मी पंधरा वर्षाचा असल्यापासनं तुमची चिलीम भरतोय. मी जातो सरपंचाकडं. मला सांगा."

बाबानं गुंडाळी काखेत मारली.

"तू घरी जा," बाबा म्हणाला. "अन् जाताना तिला इचारून जा, तुझ्या घरात दाणे किती होते."