खोटा फोन आणि पदरातला आंबा

कोकणातल्या एका गावात सुगंधा नावाची एक बाई राहत होती. तिच्या घरी एक खोटा फोन होता. तो हातात धरता येत नसे, कारण तो कॉम्प्युटरच्या पडद्यावरच दिसायचा. फोनसाठी ॲप बनवणारे लोक आपलं काम आधी अशा फोनवर चालवून बघतात. त्याला एम्युलेटर म्हणतात. गावातली माणसं मात्र त्याला ‘सुगंधाचा मोठा फोन’ म्हणत.

सुगंधा गावातल्या रायवळ आंब्यांचं ॲप बनवत होती. रायवळ म्हणजे कलम न केलेली, बाठ्यापासून, कोयीपासून उगवलेली जुनी झाडं. हापूसच्या पेट्या भरून शहरात जातात, रायवळ गावातच चोखून संपतात. पण गावात प्रत्येक रायवळाला नाव असतं आणि नावामागे गोष्ट असते. एक खोबऱ्या, एक शेंदऱ्या आणि एक भांडखोर. या भांडखोरापायी दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती. झाडाच्या नावावर बोट ठेवलं की त्याची गोष्ट त्याच्या मालकाच्या आवाजात ऐकू यावी, असं सुगंधाच्या मनात होतं.

इथे तिने एक चूक केली. म्हाताऱ्या माणसांना तो मोठा फोन फार आवडला. ती खुर्ची ओढून पडद्यापुढे बसत आणि थेट त्या फोनशीच बोलत. सुगंधाने बोलू दिलं. सगळे आवाज त्या खोट्या फोनच्या पोटात साठत गेले, दुसरीकडे कुठेही नाहीत. चाचणीपुरता उभा केलेला फोन, आणि त्यात अख्ख्या गावाचा ठेवा! पण माणसं रंगात येऊन बोलत असली की असलं काही सुचत नाही.

त्यात भागीरथीकाकूंचा आवाज होता. काकूंनी लग्नात माहेरच्या आंब्याचा बाठा पदराला बांधून आणला होता. सासूबाई म्हणाल्या, “इथल्या कातळात तो रुजायचा नाही.” काकूंनी तो गुपचूप न्हाणीघरामागे पुरला. तिथे झाड झालं, त्याला ‘पदरातला’ हे नाव पडलं आणि पहिला आंबा सासूबाईंनीच मटकावला. “वर म्हणतात कशा, बरा आहे हो!” असं सांगून काकू फोनमध्ये खळखळून हसल्या होत्या. पुढे थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. काकूंचा आवाज आता तेवढाच उरला होता.

वैशाखात गावाने देवळाच्या पटांगणात आंब्यांचा मेळावा ठरवला. तिथे सगळ्यांना ॲप ऐकवायचं होतं. काकूंच्या सुनेने निरोप धाडला, “आई आतापासूनच नवं लुगडं काढून बसल्यात.”

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी जोराचा वारा सुटला. कुठेतरी तारेवर फांदी पडली आणि वीज गेली. अशा वेळी कॉम्प्युटर चालू राहावा म्हणून घरात इन्व्हर्टर होता. पण सुगंधाच्या नवऱ्याने, दत्तारामने, त्या दिवशी कॉम्प्युटर साध्या प्लगला लावून त्यावर टीव्ही जोडला होता. क्रिकेटची मॅच होती ना! टीव्ही चालू राहिला आणि सुगंधाचा कॉम्प्युटर काम अर्ध्यावर असताना बंद पडला.

वीज आल्यावर तिने बघितलं तर ॲपची मुख्य फाईल भलत्याच खुणांनी भरली होती. खोटा फोन तर उघडेचना. ‘हा फोन आधीच चालू आहे’ असं पडद्यावर येई आणि खाली ‘सगळं पुसा आणि नव्याने सुरू करा’ असं बटण. बंद पडलेला फोन म्हणतो, मी चालू आहे! सुगंधाला काकूंचं लुगडं आठवलं.

दत्ताराम मनाने चांगला, पण त्याचे हात फार शिवशिवायचे. काहीही बिघडलं की तो आधी बटण दाबायचा आणि मग विचार करायचा. घरातला मिक्सर त्याने असाच कायमचा शांत केला होता.

“अगो, ते बघ काय लिहिलंय. सगळं पुसा आणि नव्याने सुरू करा. दाब की!”

“नको.”

“अगो, मोडलंच आहे ते!”

“मोडलंय. गेलेलं नाही अजून.”

सुगंधाने कुठल्याच बटणाला हात लावला नाही. तिने सगळं काम आणि तो खोटा फोन, जसे होते तसे, मोडक्या फाईलींसकट एका पेन ड्राईव्हवर उतरवून घेतले. बराच वेळ लागला. दत्ताराम हसला. “मोडक्याची नक्कल कशाला करतेस? ती पण मोडकीच होणार.” सुगंधाने पेन ड्राईव्ह काढून कपाटात ठेवला आणि वीज आहे तोवर पाणी भरून घ्यावं म्हणून ती पंप लावायला विहिरीवर गेली.

दत्ताराम एकटा राहिला. टीव्हीचं त्याच्या मनाला लागलं होतं. ती परत यायच्या आत फोन चालू करून ठेवला तर आपली चूक भरून निघेल, असं त्याला वाटलं. त्याने ते बटण दाबलं.

फोन झटक्यात उघडला, अगदी नवाकोरा. “झाला चालू!” तो विहिरीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. सुगंधा धावत आली. फोनमध्ये ना खोबऱ्या, ना शेंदऱ्या, ना एकही आवाज.

दत्तारामने विचारलं, “काकूंचा आवाज गेला का गो?”

सुगंधाला राग आला, आणि तो यायलाच हवा होता. पण तिने तो गिळला. कपाट उघडून तिने पेन ड्राईव्ह काढला. “नाही गेला. पण आता हात मागे बांधून बसा.” आणि दत्ताराम खरोखरच हात मागे बांधून बसला.

मग ती शांतपणे कामाला लागली. पेन ड्राईव्हवरचं तसंच ठेवून तिने त्याची आणखी एक नक्कल कॉम्प्युटरवर घेतली आणि दुरुस्ती त्या नकलेवर केली. मुख्य फाईलची सकाळची प्रत कॉम्प्युटरनेच आपल्यापाशी जपलेली होती, ती तिने परत आणली. खोट्या फोनचं दुखणं तर साधंच निघालं. चालू असताना तो आपल्या दाराला कुलूप लावतो, म्हणजे एक छोटीशी फाईल तयार करतो. वीज गेल्यावर फोन बंद पडला आणि कुलूप तसंच राहिलं. सुगंधाने ते कुलूप काढलं आणि काहीही न पुसता फोन पहिल्यापासून सुरू केला. फोन सावकाश उघडला. सगळी झाडं जागच्या जागी होती.

फक्त भांडखोराची गोष्ट खरोखरच खराब झाली होती. त्याचे मालक सावळारामदादा म्हणाले, “बरं झालं. मागच्या खेपेला मी शेजाऱ्याला फार बोललो होतो.” त्यांनी ती नव्याने सांगितली, तीही शेजाऱ्याला शेजारी बसवून. शेजाऱ्याने मधेमधे दुरुस्त्याही केल्या.

मेळाव्यात काकू नवं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीत बसल्या. सुगंधाने त्यांच्या चांगल्या हाताचं बोट धरून ‘पदरातला’ या नावावर ठेवलं. काकूंचा आवाज पटांगणभर घुमला. गोष्टीत सासूबाईंचा आंबा आला, काकू फोनमध्ये हसल्या आणि खुर्चीतल्या काकूही हसल्या, आवाज न करता, खांदे गदागदा हलवत. मग त्यांनी सुगंधाचा हात बाजूला सारला आणि आपल्या हाताने पुन्हा त्या नावावर बोट ठेवलं.

तात्पर्य: बिघडलेलं दुरुस्त करायच्या आधी, त्यात जे उरलं आहे ते जपून ठेवावं. मग एखादा हात चुकला, तरी सगळं हातचं जात नाही.