समोरचा वारा

एकेकाळी देशासाठी फिरकी गोलंदाजी केलेले एक वृद्ध गृहस्थ निवृत्तीनंतर आपल्या समुद्रकाठच्या गावी येऊन राहिले होते. गाव त्यांना भाऊ म्हणे. एकूण किती गडी बाद केलेत असे कोणी विचारले, की ते म्हणत, "जेवढे झाले तेवढे." चेंडू फिरवून फिरवून त्यांच्या उजव्या हाताचे पहिले बोट कायमचे वाकडे झाले होते. चहाचा कप धरताना ते बोट बाजूलाच राहत असे.

त्यांचा एक शिष्य होता. त्याचे नाव भार्गव. तोही फिरकी टाकायचा, आणि गेल्या वर्षी देशाच्या संघातून परदेशी जाऊन आला होता. तिथे एका अटीतटीच्या सामन्यात शेवटचे षटक त्याच्या हाती आले, आणि त्या एका षटकात मैदानाबाहेर षटकार बसून सामना गेला. तो संघाबाहेर झाला. पुढे तो बाजारात मासळी घ्यायला गेला तरी कोणीतरी विचारी, "काय रे, तो तिसरा चेंडू सापडला का त्यांना?" भार्गव हसून पुढे जाई. घरी आल्यावर त्याला जेवण जात नसे.

त्या षटकाने त्याचा हात बदलला. पूर्वी त्याचा चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या वर जाई आणि अलगद खाली येई. आता तो सरळ, वेगाने आणि सपाट जाऊ लागला. हातातून सुटायच्या आधीच जणू भार्गवला तो परत हवा असे.

गावच्या मैदानाची एक बाजू समुद्राकडे होती आणि दुसरी रस्त्याकडे. दुपारी समुद्रावरून वारा सुटे. समुद्राकडच्या टोकावरून चेंडू टाकला तर वारा पाठीशी, रस्त्याकडून टाकला तर तोंडावर. भार्गव सरावाला नेहमी समुद्राकडची बाजू घेई. पाठीवर वारा घेऊन तो भराभर चेंडू टाकी, यष्ट्या उडत, आणि तेवढ्यापुरता त्याच्या जिवाला थारा मिळे. भाऊ बाकावर बसून पाहत. त्यांनी त्याला कधी अडवले नाही.

पावसाळ्यानंतर त्या मैदानावर निवडीचा सामना ठरला. निवड समितीचे एक सदस्य तो पाहायला येणार होते. भार्गवला हे ठाऊक होते की या खेपेला नाव राहून गेले तर पुढे कोणी विचारणार नाही.

आदल्या संध्याकाळी तो भाऊंकडे गेला आणि ओसरीवर नुसता बसून राहिला.

"भाऊ, उद्या मारलं तर?"

"जेवलास का?"

"भूक नाही."

"मग थोडी पेज घे," भाऊ म्हणाले, आणि ती आणायला आत गेले.

सामन्याच्या दिवशी सकाळी प्रतिपक्षाची फलंदाजी होती. वेगवान गोलंदाजांनी उपाहारापर्यंत निभावले. भार्गव सीमारेषेजवळ उभा राहून तळहात पुन्हा पुन्हा विजारीला पुशीत होता. मांडवात बसलेल्या सदस्यांकडे बघायचे नाही असे तो ठरवी, आणि बघे. उपाहाराला कर्णधार शिर्के त्याच्याजवळ आला.

"आता तू. रस्त्याकडून टाकायचं."

भार्गवचा घास हातातच राहिला. "मी समुद्राकडून टाकतो, शिर्केदादा. सगळा सराव तिकडूनच आहे."

"ते मला ठाऊक आहे. पण सकाळी भाऊ येऊन सांगून गेले. म्हणाले, काही झालं तरी याला समुद्राकडची बाजू द्यायची नाही." शिर्के पाणी प्यायला. "मला सांग, हे तुझे गुरू आहेत की समोरच्या संघाचे?"

भार्गव तसाच उठला. भाऊ मैदानाच्या कडेला सुरूच्या झाडाखाली केळे सोलीत बसले होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. 

"भाऊ, माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग आजच का? त्या बाजूने सरळ मारलेला चेंडू वाऱ्यावर लांब जातो. षटकार मारायचा नसला तरी जातो. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. रस्त्यापलीकडेही जाईल."

"आणि ते समितीवाले मांडवात बसलेत बघायला."

"बैस," भाऊ म्हणाले. तो बसला नाही. भाऊंनी आग्रह केला नाही. ते सावकाश बोलू लागले.

"मी खेळायचो तेव्हा पाठीवर वारा मिळणारी बाजू वेगवान गोलंदाजांची असायची. उरलेली माझी. मला वाटायचं, कोणाला नको ते आपल्या वाट्याला येतं. न्यूझीलंडला तर असा वारा की यष्ट्यांवरच्या बेल्स आपोआप पडायच्या. माझा चेंडू पलीकडे पोचतो की नाही, असं वाटायचं. तिथे एका फलंदाजाची बॅट पुढे येऊन गेली आणि चेंडू मागून आला. मी काहीच वेगळं केलं नव्हतं. समोरच्या वाऱ्याने त्याला वर धरून ठेवला आणि मग सोडला. तेव्हापासून मी तीच बाजू मागून घेऊ लागलो. पाठीमागचा वारा ढकलतो, बाळा. चेंडूला खाली यायला उसंत देत नाही."

 केळ्याचा अर्धा भाग त्यांनी भार्गवपुढे धरला. त्याने तो घेतला.

"भीतीही तशीच. त्या षटकाकडे तू पाठ करून उभा आहेस, म्हणून ते तुला मागून ढकलतंय. तुझी घाई ती आहे. तिच्याकडे तोंड कर. ती जाणार नाही, माझी कधी गेली नाही. पण समोर असली म्हणजे ती तुला जरा थांबवते, आणि आपल्या कामाला तेवढं थांबणं लागतं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काल रात्री तू वाऱ्याचीही काळजी करत बसला असतास."

"आणि मारलं तर?"

"मारतीलच. मग पुढचा टाकायचा."

खेळ सुरू झाला. भार्गवने रस्त्याकडून पहिले षटक घाईघाईत टाकले. दुसऱ्या षटकात फलंदाज पुढे सरसावला आणि त्याने चेंडू सरळ उचलला. वाऱ्याने तो आणखी वर नेला. भार्गवच्या डोक्यावरून, कुंपणावरून तो रस्त्यापलीकडे गेला. कोणीतरी तिकडे पळाले. चेंडू सापडेपर्यंत सगळा खेळ थांबून राहिला.

तेवढा वेळ भार्गवला फार लांब वाटला. ज्याला तो वर्षभर भीत होता ते घडून गेले होते, आणि तो तिथेच उभा होता.  सदरा छातीला चिकटला होता. वारा तोंडावर येत होता, इतका की डोळे बारीक करावे लागत. त्याने डोळे बारीक केले आणि वाऱ्याकडे पाहत राहिला.

चेंडू परत आला. त्याने या वेळी तो उंच टाकला.  चेंडू वर गेला आणि तिथे क्षणभर राहिल्यासारखा झाला. फलंदाज तोच फटका मारायला पुढे आला. त्याची बॅट फिरून गेली, आणि मग चेंडू त्याच्या पायापाशी पडला. यष्टिरक्षकाच्या हातून तो निसटला. गडी वाचला.

"काय हे, देवा," शिर्के स्वतःशी पुटपुटला. भार्गव आपल्या जागी परत चालत गेला. 

चहापानापर्यंत त्याला एक गडी मिळाला आणि आणखी एक षटकार बसला. चहानंतर शिर्के त्याच्याजवळ आला. "भाऊंचं ऐकलं, झालं. आता वेगवान गोलंदाज दमलेत, समुद्राकडची बाजू मोकळी आहे. तुला देऊ का?"

भार्गवने तळहात विजारीला पुसले. ते अजून ओलेच होते.

"नको," तो म्हणाला. "मी इकडूनच टाकतो."

शिर्केने त्याच्याकडे पाहिले आणि क्षेत्ररक्षक मागे सरकवले. संध्याकाळचा वारा वाढत होता. भार्गव त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने चेंडू बोटांत धरला.

ज्याला भीती वाटते त्याने आधी एवढे पाहावे, की ती आपल्या कोणत्या बाजूने येते आहे.