हौसानं भेव दळलं

एक होतं नगर, आणि त्याला राजे होते दोन. हसताय काय? खरंच दोन! म्हातारा राजा वारला आणि गादीपायी सख्खे भाऊ हातघाईवर आले. सकाळी थोरल्याची दवंडी, संध्याकाळी धाकट्याची. एक म्हणे, तांबडा फेटा बांधा. दुसरा म्हणे, हिरवा बांधा, तांबडा बांधाल तर डोकं उडवीन. लोक बिचारे बोडक्यानंच हिंडायचे.

त्या नगरात हौसा राहायची आणि तिची लेक बनू, तुमच्याएवढीच, बरं का. हौसाच्या नवऱ्याला थोरल्याच्या शिपायांनी लढाईला ओढून नेलं, आणि तेव्हापासून बनूची झोपच उडाली. डोळे टक्क उघडे! पोर वाळून काडी झाली. वैद्य म्हणाला, "झोप नाही लागली तर पोर हाती लागायची नाही."

हौसानं पदर खोचला. म्हणाली, "राजांचं राजे बघतील. माझी लेक मी निजवीन."

मग तिनं काय केलं? दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. दवंडी कानावर नको, म्हणून. पण छे! न ऐकलेल्या दवंडीचीच धास्ती जास्त. बनू आपली दाराकडं बघत बसलेली.

मग हौसाला आठवलं. पहाटे ती दळायला बसली की बनू मांडीवर डोकं ठेवून घरघर ऐकत निजायची. पण लढाई लागल्यापासून नगरात एक जातं फिरत नव्हतं. घरघर ऐकू आली की शिपायांना कळायचं, इथं दाणे आहेत. मेले पोतीच उचलून न्यायचे. शिपाई आलेच तर जात्यात काही सापडायला नको, म्हणून हौसानं दाणे न घालताच जातं फिरवलं. अगं बाई बाई! रिकामं जातं कुणी फिरवतं का?

दगडावर दगड खरवडला आणि जातं बोललं! "हौसे, मला उपाशी का राबवतेस? दाणे घाल. मुठीमुठीगणिक तुझं भेव सांग, तेही मी दळीन. आणि एकटी ओढू नकोस, दुसरी बोलाव."

दुसरी कोण? शेजारची गजरा. पण तिचा नवरा धाकट्याच्या फौजेत. दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. तरी हौसा गेली.

गजरानं दार किलकिलं केलं. "तुझा नवरा तिकडं माझ्या नवऱ्यावर भाला उगारतोय, आणि तू कशाला आलीस?"

"दळायला चल. पोर जातेय गं माझी. आणि मला फार भ्या वाटतंय, गजरे."

गजराला रडूच फुटलं. "मेले, मला काय कमी वाटतंय?" म्हणाली, आणि आली.

दोघींनी खुंटा धरला आणि गाऊ लागल्या,

"दारी वाजतो नगारा, माझा थरारतो जीव
घाल जात्यामंदी, बाई, दोघी जणींचं गं भेव."

पहिल्या मुठीचं पीठ पडलं काळं कुळकुळीत. दुसरीचं राखाडी. तिसरीचं मात्र पांढरं शुभ्र! आणि बनूनं जांभई दिली, डोळे मिटले.

ती घरघर शेजारी ऐकू गेली. तिथंही जातं फिरलं. मग पलीकडं, मग साऱ्या नगरात. दोन्हीकडचे शिपाई पोती घेऊन धावत आले. पण त्यांनाही लहानपणी आयांनी असंच निजवलं होतं ना! चालता चालता पाय जड झाले. भाले टेकले आणि तांबडे, हिरवे सगळे रस्त्यातच आडवे. घोरताहेत! जागे झाले तर आपला राजा कोणता तेच आठवेना. बायकांनी ताज्या भाकरी वाढल्या, त्या खाल्ल्या आणि गेले आपापल्या घरी.

मग दोघे राजे स्वतःच आले, तणतणत. हौसाच्या दारात उभे राहून ओरडले, "आमची फौज कुठंय? कोण आहे रे आत?"

हौसाचे हात पिठानं माखलेले. ती उंबऱ्यात आली. आता तिला इतकंसुद्धा भ्या वाटत नव्हतं. म्हणाली, "हळू बोला. पोर निजलीय माझी."

राजांनी एकमेकांकडं बघितलं. मागं फौज नाही, पुढं ही बाई. दोघे चवड्यांवर चालत निघून गेले.

हौसाचा नवरा आला, गजराचाही आला, सगळ्यांचं बरं झालं. आणि बनू अजून झोपलीय. तेव्हा आता चुळबुळ पुरे. कूस वळा आणि निजा बघू.