माझा खसखस आत आहे

भिंतीच्या भेगेत दोन मुंग्या राहत. ताई मोहरी आणि भाऊ खसखस. आई नव्हती. दोघंच होती.

भिंतीपलीकडे प्लॅस्टिकचा मोठा ढीग होता.

एका सकाळी भिंतीवर सरबताची बाटली दिसली. तळाशी एक गोड थेंब होता. खसखस आत शिरला. तेवढ्यात कोणीतरी आलं. बाटलीला झाकण लावलं. कर्र, कर्र, घट्ट! आणि दिली बाटली ढिगावर फेकून.

खसखस आतून म्हणाला, "ताई, मला बाहेर काढ."

मोहरी म्हणाली, "काढते हं, बाळा."

मोहरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाटलीवर चढली. झाकणापाशी गेली.

"झाकणा, झाकणा, उघड ना!
माझा खसखस आत आहे."

झाकण म्हणालं, "मी आपलं आपण उघडत नसतं. शेवंतामावशीला सांग. मावशीने काढलं, तर उघडेन."

ऊन चढलं. खसखस म्हणाला, "ताई, गरम होतंय."

मोहरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ढिगाशेजारी शेवंतामावशी प्लॅस्टिक निवडत बसली होती. तिच्यामागे सात गोण्या होत्या. एकची, दोनची, तीनची, अशा सातपर्यंत. मावशी वस्तू उलटी करी. तीन बाणांचा त्रिकोण शोधी. त्रिकोणात जो आकडा, त्या गोणीत ती वस्तू. आकडा पुसला असेल, तर कानाशी वाजवून ओळखी.

"मावशी, मावशी, झाकण काढ ना!
झाकण काही उघडेना,
माझा खसखस आत आहे."

मावशीने बाटली वाजवली, टक टक. "ही एकची, बयो. आणि झाकण आहे पाचचं. एकात पाच राहून गेलं, की सगळा माल वाया. पाचची गोणी बघ, शिगोशीग भरलीय. काढलेलं झाकण ठेवू कुठे, अंबाड्यात? गोणी रिकामी झाली, तर काढीन."

मोहरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गोणीपाशी गेली.

"गोणी, गोणी, रिकामी हो ना!
मावशी झाकण काढेना,
झाकण काही उघडेना,
माझा खसखस आत आहे."

गोणी म्हणाली, "पोट फुटायला आलंय माझं. मला का हौस आहे? लहानूमामाला सांग. मामाने चक्की चालवली, तर रिकामी होईन."

ऊन आणखी चढलं. खसखस काहीतरी म्हणाला. मोहरीला नीट ऐकू आलं नाही.

मोहरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

लहानूमामा चक्कीपाशी बसला होता. त्याची चक्की प्लॅस्टिकचा चुरा करी.

"मामा, मामा, चक्की चालव ना!
गोणी रिकामी होईना,
मावशी झाकण काढेना,
झाकण काही उघडेना,
माझा खसखस आत आहे."

मामा म्हणाला, "चालवीन गं. पण चुरा टाकू कुठे? पाण्यात पाचचा चुरा तरंगतो, एकचा बुडतो. चुकून मिसळला, तरी वेगळा होतो. पण हौद बघ, कोरडा ठाक! त्यात काय तरंगणार, माझी टोपी? हौद भरला, तर चालवीन."

मोहरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. हौदापाशी गेली.

"हौदा, हौदा, भर ना!
मामा चक्की चालवेना,
गोणी रिकामी होईना,
मावशी झाकण काढेना,
झाकण काही उघडेना,
माझा खसखस आत आहे."

हौद म्हणाला, "कशाने भरू? तळाचा चिखलही वाळून तडकलाय. मोटारीला सांग. मोटारीने पाणी ओढलं, तर भरेन."

मोहरी निघाली. आता पाय दुखत होते. तुरु... तुरु... मोटारीपाशी गेली.

"मोटारी, मोटारी, पाणी ओढ ना!
हौद काही भरेना,
मामा चक्की चालवेना,
गोणी रिकामी होईना,
मावशी झाकण काढेना,
झाकण काही उघडेना,
माझा खसखस आत आहे."

मोटार म्हणाली, "हुंऽऽ, हुंऽऽ! ओढून ओढून दमले. पाइपाच्या तोंडावर पिशवी बसलीय. पिशवी सुटली, तर ओढीन."

मोहरी निघाली. पाइपावरून खाली, खाली, ओढ्यापर्यंत. तुरु... तुरु... तिथे एक मळकी पिशवी पाइपाला घट्ट धरून बसली होती. मोहरी तिच्यावर चढली.

"पिशवी, पिशवी, सूट ना!
मोटार पाणी ओढेना,
हौद काही भरेना,
मामा चक्की चालवेना,
गोणी रिकामी होईना,
मावशी झाकण काढेना,
झाकण काही उघडेना,
माझा खसखस आत आहे."

पिशवी म्हणाली, "मी नाही सुटत."

"का गं?"

"माझ्यावर आकडाच नाही. मावशीने दोनदा बघितलं. वाजवूनही बघितलं. चिखलाने मी वाजलेच नाही. आकडा नाही, म्हणून गोणी नाही. सुटले, तर वाहत जाईन. कुठे, ते ठाऊक नाही. इथे निदान धरायला काहीतरी आहे."

आता कोणाकडे जायचं? पुढे कोणीच नव्हतं.

मोहरीने मागे पाहिलं. ढीग लांब होता. ऊन डोक्यावर होतं. खसखस हाक मारत होता का? इतक्या लांबून कळत नव्हतं.

मोहरी पिशवीवरच बसली. तिने पुन्हा सगळं म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "माझा खसखस आत आहे."

तिने दुखरे पाय चिखलावर पसरले.

मग मोहरीच्या पायाला काहीतरी लागलं. चिखलाखाली एक बारीक रेघ होती. माणसाला दिसणार नाही, इतकी बारीक. मोहरी रेघेवरून चालली. रेघ वळली. मोहरी वळली. रेघ पुन्हा वळली. एक बाण. दुसरा बाण. तिसरा बाण. त्रिकोण!

मोहरीने मधला चिखल खरवडला. खुरुखुरु, खुरुखुरु.

"पिशवीताई, तुझ्यावर आकडा आहे. चार आहे."

"खोटं."

"खोटं नाही. मी आत्ता त्याच्यावरून चालले."

"चारची गोणी आहे?"

"आहे. तीनच्या पलीकडे. मी पाहिलीय."

पिशवी थरथरली. आणि तिने पाइप सोडला. सपक्!

मामा ओढ्याकडे पाहत होता. तो धावत आला. त्याने पिशवी उचलली, मोहरीसकट, आणि मावशीकडे नेली. मोहरी आकड्यावरच उभी होती.

मावशी म्हणाली, "अगं बाई! चार! मी कुठे बघत होते इतके दिवस?" आणि तिने पिशवी चारच्या गोणीत ठेवली.

मग

मोटारीने पाणी ओढलं, धर्रर्र!
हौद भरला, बुडबुड!
मामाने चक्की चालवली, खडखड!
गोणी रिकामी झाली, फस्स!
मावशीने झाकण काढलं, कर्र, कर्र!
झाकण उघडलं, टक्क!

आतून कोणी बाहेर आलं नाही.

मोहरी आत गेली. खसखस तळाशी पडला होता. तिने त्याला हलवलं. तो हलला नाही. तिने पुन्हा हलवलं. नाही. तिने त्याला तोंडात धरलं आणि ओढत, ओढत, ओढत बाहेर आणलं.

मावशीने हौदात बोट बुडवलं. एक थेंब खसखसजवळ ठेवला.

सगळे थांबले. चक्कीसुद्धा थांबली.

खसखसचा एक पाय हलला. मग दुसरा. मग तो थेंबाकडे सरकला आणि पाणी प्यायला. खूप वेळ प्यायला.

"सावकाश," मोहरी म्हणाली. "सगळं तुझंच आहे."

पाणी संपलं. दोघं घराकडे निघाली. मोहरीने खसखसला पुढे चालायला सांगितलं, आणि ती त्याच्या मागून चालली. तो दिसत राहावा म्हणून.

तुरुतुरु. तुरुतुरु. भेगेपर्यंत.